चांदबिबी : आंदणातील किल्ला आणि राजकन्या

सोलापूरचा भुईकोट किल्ला लढायांत अनेकदा गेला आणि अनेकदा परत आला. परंतु दोन वेळा तो लग्नाच्या बोलीत आला, हे आम्ही भवानी पेठेतील मुलांना वर्गात सांगतो तेव्हा त्यांना हसू येते. १५२४ मध्ये विजापूरच्या इस्माइल आदिलशहाची बहीण मरियम हिचा अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी विवाह झाला, तोही सोलापुरातच. आंदण म्हणून किल्ला द्यायचे ठरले होते. तो दिला गेला नाही आणि त्या न दिलेल्या किल्ल्यापायी दोन्ही घराणी पुढील पिढीपर्यंत लढत राहिली. अखेर विजयनगरविरुद्ध एकत्र येण्याची गरज पडली, तेव्हा हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांद विजापूरच्या अली आदिलशहास दिली आणि तिच्यासोबत सोलापूरही दिले. मुलीचे वय जेमतेम चौदाच्या आसपास. संमती विचारण्याची रीत नव्हतीच. तहाचे एक कलम किल्ला होता, दुसरे ती. पुढे १५६५ मध्ये तालिकोटला विजयनगरचा पाडाव झाला, त्यामागे हे लग्नही होते.

ही मुलगी मात्र कलम होऊन राहिली नाही. तिला अरबी, फारसी, तुर्कीबरोबर मराठी आणि कानडीही येत होती असे सांगतात. ती नवऱ्याबरोबर घोड्यावरून शिकारीला जाई, मोहिमांत असे. मूल नव्हते. १५८० मध्ये अलीचा खून झाला आणि नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम गादीवर आला, तेव्हा कारभाराची सूत्रे तिच्या हाती आली.

सूत्रे आली म्हणजे सत्ता आली असे नव्हे. दरबारात दखनी, हबशी आणि परदेशी सरदारांचे तट होते. तिने कामिलखानाला दूर करण्यासाठी किश्वरखानाला जवळ केले, तर किश्वरखानाने तिलाच राजवाड्यातून सक्तीने काढून साताऱ्याच्या किल्ल्यात डांबले. हबशी सरदार उठले, किश्वरखान पळाला, तेव्हा ती सुटली. पण पुढे ती विजापुरात फार राहिली नाही. इब्राहिमच्या बहिणीच्या लग्नाच्या निमित्ताने माहेरी अहमदनगरला गेली.

माहेरी काय चालले होते? १५८८ मध्ये तिचा भाऊ मुर्तजा स्वतःच्या मुलाच्या हातून मारला गेला. वर्षभरात तो मुलगाही मारला गेला. १५९५ मध्ये इब्राहिम निजामशहा रणात पडला आणि मियाँ मंजू नावाच्या सरदाराने गादीवर भलत्याच मुलाला बसवून, विरोधकांना दडपण्यासाठी गुजरातेतून अकबराचा पुत्र मुराद याला बोलावणे धाडले. घरच्या भांडणात शेजाऱ्याला बोलावणाऱ्याचे जे होते तेच झाले. मुराद आला तो सैन्य घेऊन, आणि मियाँ मंजूने नगर सोडले.

किल्ल्यात उरली चांदबिबी, इब्राहिमचा लहानगा मुलगा बहादुर याच्या वतीने. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. त्यांच्याच छावणीतील एकाने आत खबर दिली, तेव्हा काही सुरुंग आतील लोकांनी शोधून निकामी केले. पण फेब्रुवारी १५९६ मध्ये एक उडाला आणि तटाला मोठे खिंडार पडले. रक्षक पळू लागले. चांदबिबी चिलखत चढवून, तोंडावर बुरखा ठेवून, नंगी तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली. लोक परतले. दिवसभर हल्ला परतवला आणि रात्रीतून भिंत पुन्हा उभी केली. दारूगोळा संपल्यावर तिने सोन्यारुप्याचे गोळे डागले, ही लोककथा. तिच्या साहसाला त्या सोन्याची गरज नाही. शेवटी वऱ्हाड देऊन तह झाला, बहादुरची गादी वाचली. (नगरजवळच्या डोंगरावर दिसणारा ‘चांदबिबीचा महाल’ तिचा नव्हे, ती सलाबतखानाची कबर आहे.)

शत्रू परतला, सरदारांची बंडाळी परतली. तिने पेशवा नेमलेल्या महंमदखानाने सत्ता बळकावली. त्याच्या जागी आलेला अभंगखान तिच्यावरच उठला. १५९९ नंतर शाहजादा दानियाल चालून आला, पाठीमागे खुद्द अकबर बऱ्हाणपुरास येऊन बसला. या वेळी चांदबिबीने जे ओळखले ते इतर कोणी ओळखू इच्छीत नव्हते: किल्ला टिकणार नाही. शिबंदीला आणि बहादुरला अभय मिळत असेल तर किल्ला सोडून जुन्नरला जावे, हा तिचा विचार होता. एका खोजा सरदारापाशी तिने ही मसलत बोलून दाखवली. तो बाहेर धावला आणि बेगम मोगलांना फितूर झाली अशी ओरड त्याने केली. जमाव महालात शिरला आणि १६०० च्या त्या पावसाळ्यात चांदबिबीला तिच्याच लोकांनी ठार मारले.

राज्यक्रांतीत बळी गेलेली राणी म्हटले की आपल्या पाठ्यपुस्तकांना फ्रान्सची मारी आंत्वानेत आठवते. १७९३ मध्ये तिला मारण्यापूर्वी निदान खटला उभा केला गेला. चांदबिबीला आरोप ऐकण्यापुरतीही सवड मिळाली नाही. चार वर्षांपूर्वी खिंडारात जिच्या मागे माणसे परतली होती, तिच्याविरुद्ध एक आरोळी पुरली. ती राणी म्हणून लढली ते लोकांना चालले; राणी म्हणून तिने तहाचा विचार केला ते चालले नाही, असे आम्हांस वाटते.

थोड्याच दिवसांत सुरुंगांनी तट उडाला, मोगल आत घुसले आणि शिबंदीची कत्तल झाली. ज्या मुलाला ती जुन्नरला नेणार होती, त्या बहादुरशहाला कैदी म्हणून ग्वाल्हेरच्या किल्ल्यात धाडण्यात आले.