मावळच्या तरुणांतून कारभारी घडविणारा राजा

लोणावळ्याहून कुरवंडे गावाकडे निघाले, की वाटेत भारतीय नौदलाची आयएनएस शिवाजी ही प्रशिक्षण संस्था लागते. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी, म्हणजे ब्रिटिश अमदानीतच, ती शिवाजी महाराजांच्या नावाने सुरू झाली. २६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाला आणि तिच्या नावामागे आयएनएस ही अक्षरे आली. युद्धनौकांची यंत्रसामग्री सांभाळणारे तरुण अधिकारी आणि नौसैनिक येथे सागरी अभियांत्रिकीचे धडे घेतात. नोकरीची पहिलीवहिली वर्षे घाटमाथ्यावरच्या धुक्यात आणि पावसात घालवून पुढे ते समुद्रावर रुजू होतात.

याच परिसरातून कुरवंडे घाटाची वाट कोकणात उतरते. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान आपली फौज घेऊन या वाटेने खाली उतरला आणि उंबरखिंडीच्या गर्द रानात सापडला. पुढची व मागची दोन्ही तोंडे मराठ्यांनी अडविली होती. फौजेला ना पुढे जाता येईना, ना मागे. अखेर खंडणी देऊन, सामानसुमान टाकून खानाने सुटका करून घेतली. हा विजय महाराजांच्या रणकौशल्याचा म्हणून सांगितला जातो आणि ते खरेही आहे. परंतु रानात दबा धरून इशाऱ्याची वाट पाहणारी, शिस्त न मोडणारी माणसे त्यापूर्वी घडवावी लागली होती. महाराजांच्या चरित्रातील माणसे घडविण्याचा हा भाग लढायांच्या तुलनेत कमी सांगितला जातो.

वतनदारांचा मुलूख

शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरी किल्ल्यावर झाला. वडील शहाजीराजे दक्षिणेतील मोठे सरदार होते. पुणे परगण्याची जहागीर त्यांच्याकडे असली, तरी त्यांचा बराचसा काळ कर्नाटकात गेला. पुण्याच्या जहागिरीत शिवबा वाढले ते मातोश्री जिजाबाईंच्या छायेत आणि शहाजीराजांनी नेमलेल्या अनुभवी कारभाऱ्यांच्या देखरेखीखाली.

पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत पसरलेली नद्यांची खोरी म्हणजे मावळ. आज मावळ तालुका म्हटले, की आंदर, नाणे आणि पवन ही तीन मावळे डोळ्यांपुढे येतात. त्या काळी मात्र बारा मावळांचा हा मुलूख दक्षिणेकडे दूरवर पसरलेला होता. प्रत्येक खोऱ्याला देशमुख, प्रत्येक गावाला पाटील. ही पदे वंशपरंपरेची. सुलतान बदलला तरी देशमुख बदलत नसे, आणि वतनाच्या हद्दीवरून भाऊबंदांत पिढ्यान्‌पिढ्या वैर चाले. रयतेच्या दृष्टीने सरकार म्हणजे हाच देशमुख आणि हाच पाटील. अधिकार घराण्याकडून आलेला असल्यामुळे त्याचा जाब विचारणारे कोणी नव्हते.

ऐन सोळाव्या वर्षी महाराजांनी या समजुतीला धक्का दिला. रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीशी बदअंमल केल्याचे सिद्ध होताच, जानेवारी १६४६ मधील पत्रानुसार, त्याचे हातपाय तोडण्यात आले आणि पाटीलकी जप्त झाली. आजच्या मनाला ही शिक्षा क्रूर वाटेल. मात्र पद ही मालकी नसून जबाबदारी आहे, हा तिचा अर्थ मावळातील प्रत्येक वाड्यापर्यंत पोहोचला असणार.

पगार, पायरी आणि पडताळा

महाराजांनी मावळातील देशमुखांना समूळ नाहीसे केले नाही. कान्होजी जेधे यांच्यासारखे देशमुख त्यांचे आधारस्तंभच होते. पण राज्य चालविण्यासाठी त्यांनी वतनाला समांतर अशी दुसरी रचना उभी केली. तिच्यात साध्या घरातील तरुणालाही जागा होती. कृष्णाजी अनंत सभासद याने महाराजांच्या पश्चात लिहिलेल्या बखरीत या रचनेचा तपशील दिला आहे. पायदळात नऊ पाइकांवर एक नाईक, पाच नाइकांवर एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमलेदारांवर एक हजारी. घोडदळातही अशाच पायऱ्या. भालाईत म्हणून दाखल झालेल्या तरुणाला आपल्या वरची पायरी दिसत होती, आणि त्या पायरीवर तो चढला तर कर्तबगारीने, जन्माने नव्हे. वेतन शक्यतो रोख किंवा सरकारी वसुलावरील वरातीने मिळे. कायमची जहागीर तोडून द्यायची नाही, हे धोरण होते.

१६५७ मध्ये महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि त्याच सुमारास लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची हे घाटवाटांवर नजर ठेवणारे किल्ले स्वराज्यात आले. प्रत्येक किल्ला ही तरुण अधिकाऱ्यांची शाळाच होती. किल्ला एकट्याच्या हाती कधीच दिला जात नसे. हवालदाराकडे मुख्य जबाबदारी, सरनौबताकडे पहारे आणि शिबंदी, सबनिसाकडे हजेरी आणि दप्तर. धान्य व दारूगोळ्याच्या कोठारांसाठी कारखानीस वेगळा. ही माणसे निरनिराळ्या जातींची असत आणि एकाच्या कामाला दुसऱ्याचा पडताळा असे. एकाला फितवून गड घेता येऊ नये हा उद्देश होताच. पण नव्या अधिकाऱ्याला इतरांना विश्वासात घेऊन निर्णय करण्याची सवयही या व्यवस्थेने लावली.

पत्रांची पाठशाळा

त्या काळी प्रशिक्षणाची संस्था नव्हती. ते काम महाराजांच्या पत्रांनी केले. चिपळूण भागात छावणीला असलेल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना पाठविलेले पत्र याचा उत्तम नमुना आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणागोटा आणि वैरण मनमानी करून आधीच संपविली, तर पुढे घोडी उपाशी मरतील, हे त्यात बजावले आहे. रात्री दिवे जळते ठेवले तर उंदीर पेटती वात ओढून नेतील आणि गवताची गंजी पेटेल, इतक्या बारकाव्यापर्यंत पत्र उतरते. शेतकऱ्याच्या काडीलाही हात न लावता हवे ते बाजारातून विकत आणावे, अशी सक्त ताकीद आहे. रयतेला लुटले तर तिला मोगल बरे वाटतील, हे कारणही दिलेले आहे. हुकमासोबत कारण सांगितले, की हाताखालचा माणूस पुढच्या प्रसंगी स्वतः विचार करू शकतो.

५ सप्टेंबर १६७६ रोजी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेले पत्र महसुली कारभाराचा धडा देते. सुभेदाराने कचेरीत न बसता गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावेत, कोणाकडे किती मनुष्यबळ आणि बैल आहेत ते पाहावे. बैल नसेल त्याला बैलासाठी पैसे, पोटाला नसेल त्याला धान्य द्यावे. वाढीदिढी न घेता, ऐपत येईल तसे मुद्दलच हळूहळू वसूल करावे. या कामी दोन लाख लारींपर्यंत खर्च करण्याची मुभाही आहे.

त्याच प्रभावळीचा आधीचा सुभेदार जिवाजी विनायक याच्या वाट्याला १६७५ मध्ये वेगळ्या सुराचे पत्र आले होते. जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध उभारल्या जाणाऱ्या पद्मदुर्गाला आणि आरमाराला त्याने वेळेवर रसद पोहोचविली नाही. ब्राह्मण म्हणून त्याची गय केली जाणार नाही, हे महाराजांनी त्याला निःसंदिग्ध शब्दांत कळविले.

शिस्तीची किंमत

या शिस्तीची किंमत महाराजांनाही मोजावी लागली. १६६५ च्या पुरंदर तहात २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना त्यात होते. अशा पडत्या काळात, जानेवारी १६६६ मध्ये पन्हाळ्याच्या स्वारीत सरनौबत नेताजी पालकर वेळेवर पोहोचले नाहीत. महाराजांनी त्यांना पदावरून दूर केले. नेताजी आधी आदिलशाहीकडे आणि मग मोगलांकडे गेले. दहा वर्षांनी, १६७६ मध्ये ते परतले, तेव्हा महाराजांनी त्यांना पुन्हा आपलेसे केले. त्यांच्या जागी आलेल्या प्रतापराव गुजरांनी शरण आलेल्या बहलोलखानाला सोडून दिले, म्हणून त्यांनाही कठोर बोल ऐकावे लागले. ते जिव्हारी लागून फेब्रुवारी १६७४ मध्ये प्रतापराव अवघ्या काही स्वारांनिशी नेसरीजवळ खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि मारले गेले. शब्द कोठे आणि किती तीव्र वापरावा, हा नेतृत्वापुढचा प्रश्न महाराजांनाही चुकला नव्हता.

व्यवस्थेची पहिली परीक्षा मात्र १६६६ मध्येच झाली. महाराज आग्र्यास कैदेत असताना जिजाबाईंच्या देखरेखीखाली मोरोपंत पिंगळे आणि निळो सोनदेव यांनी कारभार हाकला. राजा परमुलखात अडकला असताना राज्य विस्कटले नाही. १६७० मध्ये लोहगडासह बहुतेक किल्ले परत घेण्याची मोहीम सुरू झाली, ती या शाबूत यंत्रणेच्या बळावर.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. अष्टप्रधानांची पदे आणि कामे निश्चित झाली. फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. प्रधानपद हे वंशाचे वतन नाही, हे तत्त्व कायम राहिले. त्या दिवशी अमात्य म्हणून उभे असलेले रामचंद्रपंत हे निळो सोनदेवांचे चिरंजीव, जेमतेम पंचविशीच्या आतबाहेरचे होते.

राजाच्या पश्चात

३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे रायगडावर निधन झाले. लगेचच वारसाहक्कावरून प्रधानमंडळातच फूट पडली आणि अनुभवी अधिकारी कटकारस्थानांत ओढले गेले. नियमांनी घडलेली माणसेही नियम मोडू शकतात, हे कटू सत्य तेव्हा समोर आले. पुढे औरंगजेब दक्षिणेत उतरला. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला आणि राजाराम महाराज दूर जिंजीला गेले. राजा नाही, राजधानी नाही, खजिना नाही, अशा अवस्थेत महाराष्ट्रातील कारभार आणि प्रतिकार चालू ठेवला तो रामचंद्रपंत अमात्यांनी. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी रणांगण सांभाळले. १७०७ मध्ये औरंगजेब दक्षिणेतच मरण पावला, तेव्हा मराठ्यांचे राज्य उभे होते. पुढे वार्धक्यात रामचंद्रपंतांनी आज्ञापत्र हा राजनीतीवरील ग्रंथ सिद्ध केला. तरुणपणी जे महाराजांच्या हाताखाली पाहिले, ते पुढच्या पिढीतील राजकर्त्यांना आणि कारभाऱ्यांना कळावे, हा त्यामागचा हेतू. गडावरील अधिकाऱ्यांच्या ठरावीक वर्षांनी बदल्या कराव्यात, असे त्यात आवर्जून सांगितले आहे.

या धामधुमीत महाराजांचे एक सूत्र मात्र सुटले. माणसे टिकवून धरण्यासाठी वतने आणि जहागिरी पुन्हा द्याव्या लागल्या. त्याचा परिणाम मावळातच पाहायला मिळतो. तळेगावचे खंडेराव दाभाडे १७१७ मध्ये सेनापती झाले ते स्वतःच्या पराक्रमावर. त्यांच्यानंतर सेनापतिपद त्यांचे पुत्र त्रिंबकरावांकडे गेले. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत पहिल्या बाजीराव पेशव्यांविरुद्ध लढताना त्रिंबकराव मारले गेले आणि पद पुन्हा त्याच घराण्यात राहिले. छत्रपतींचा पेशवा आणि छत्रपतींचा सेनापती परस्परांवर चालून गेले. पेशवेपदही तोपर्यंत बापाकडून मुलाकडे आलेले होते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा समावेश झाला. त्यात लोहगड आहे आणि जिंजीही. पावसाळी सुट्टीच्या दिवशी लोहगडावर पर्यटकांची रीघ लागते. गडाच्या वळणावळणाच्या मार्गावर एकामागोमाग एक दरवाजे लागतात. या दरवाजांवर पहारा देणाऱ्या शिबंदीतील बहुतेकांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. पगारावर काम करणारी, हजेरी देणारी आणि हिशेबाला बांधलेली अशी माणसे गडोगडी उभी राहिली, म्हणून राजा आग्र्यास अडकला तेव्हाही राज्याचा कारभार थांबला नाही.