आधी समोरच्याची बाजू : बाबासाहेब वाद कसा घालत?

वस्तीतल्या अभ्यासवर्गात मुलांना मी एक प्रश्न नेहमी विचारते. बाबासाहेबांनी गांधीजींचा मुद्दा खोडून काढला हे सगळ्यांना माहीत असतं, पण गांधीजींचा मुद्दा नेमका होता काय? बहुतेक वेळा वर्ग गप्प होतो. उत्तर पाठ असतं, पण ज्या प्रश्नाला ते दिलं तो प्रश्न कुणी वाचलेला नसतो. बाबासाहेबांचं आयुष्य या अंगाने पुन्हा पाहावं असं त्यामुळे वाटू लागलं.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी तिथल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. वय पंचवीस. निबंधाची मांडणी बघण्यासारखी आहे. जातीची व्याख्या स्वतः करण्याआधी त्यांनी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या व्याख्या मांडल्या. प्रत्येकात काय पटतं आणि काय निसटतं, ते सांगितलं. केतकरांना त्यांनी बरंच श्रेय दिलं. मात्र केतकरांनी जातीबाहेर विवाहाला बंदी आणि जन्माने मिळणारं सभासदत्व अशी दोन लक्षणं सांगितली होती, ती एकाच नाण्याच्या दोन बाजू असल्याचं दाखवून दिलं. मग जातीतल्या जातीत विवाह हेच जातीचं मूळ, हा स्वतःचा सिद्धांत मांडला. ज्याला दुरुस्त करायचं त्याचं म्हणणं आधी नीट सांगायचं, ही सवय इथे दिसते आणि पुढे ती सुटली नाही.

भारतात परतल्यावर ऐकणारे बदलले. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. वाचकांत नुकतीच अक्षरओळख झालेली माणसं होती, आणि एकाने वाचायचं, दहांनी ऐकायचं अशी रीत होती. तिथे व्याख्यांची चिकित्सा चालली नसती. म्हणून पहिल्याच अग्रलेखात त्यांनी हिंदू समाजाला मजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली. या मनोऱ्याला शिडी नाही, ज्या मजल्यावर जन्म त्याच मजल्यावर मरण. उपमा साधी आहे, पण तिच्या आत १९१६ च्या निबंधातलाच बंदिस्त गटाचा विचार आहे.

तिसरी जागा न्यायालयाची. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर सवर्णांनी दावा लावला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये न्यायालयाचा मनाईहुकूम आला आणि पुन्हा तळ्यावर जाण्याचा बेत थांबवावा लागला. त्याच परिषदेत मनुस्मृतीचं दहन झालं. दाव्यात मात्र संतापाला जागा नव्हती. तिथे प्रश्न एवढेच होते : तळं कुणाच्या मालकीचं, आणि अस्पृश्यांना बंदीची म्हणतात ती रूढी खरोखर अनादी काळापासून चालत आल्याचा पुरावा काय? जवळजवळ दहा वर्षं हा वाद चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अशी रूढी सिद्ध झाली नसल्याचा निकाल दिला. माणुसकीचा हक्क त्यांनी सभेत माणुसकीच्या भाषेत मागितला, आणि न्यायालयात पुराव्याच्या.

बाबासाहेबांची वाद घालण्याची रीत समजून घ्यायला एक महिना पुरेसा आहे : मे १९३६. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना आपल्या परिषदेचं अध्यक्षपद दिलं होतं. भाषणाचा मसुदा वाचून मंडळ बिचकलं. वेद-शास्त्रांवरचा भाग गाळावा अशी गळ घातली. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली. १५ मे रोजी त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापलं. तेच 'जातिप्रथेचं निर्मूलन'. श्रोते सुधारक सवर्ण असणार होते, म्हणून इथे जातीच्या प्रत्येक समर्थनाची पाळीपाळीने तपासणी आहे. जात म्हणजे श्रमविभागणी, असं कुणी म्हणालं की ते विचारतात, मग श्रम करणारी माणसंच एकमेकांपासून का तोडली? शेवटी ते शास्त्रांच्या प्रामाण्यापर्यंत येतात, कारण सहभोजनाने ते प्रामाण्य हलत नाही.

त्यानंतर सोळा दिवसांनी, ३१ मे रोजी, मुंबईत महार परिषदेसमोर त्यांनी धर्मांतरावर भाषण केलं. ते 'मुक्ती कोन पथे?' या नावाने प्रसिद्ध आहे. विषय जवळचा, पण भाषा मराठी, श्रोते आपले आणि रीत वेगळी. मनुष्यबळ, द्रव्यबळ, मानसिक बळ, यांतलं आपल्याकडे काय आहे, असा हिशेब ते मांडतात. पूर्वजांचा धर्म कसा सोडायचा, नुसतं नाव बदलून काय होणार, या घराघरातल्या शंका ते टाळत नाहीत. एकेक घेऊन उत्तर देतात. आणि शेवट भगवान बुद्धांनी आनंदाला केलेल्या स्वयंप्रकाशित होण्याच्या उपदेशावर करतात. हजारोंच्या सभेत त्यांना टाळ्या सहज मिळाल्या असत्या, तरी निर्णय त्यांनी ऐकणाऱ्यांच्या विचारावर सोपवला.

'जातिप्रथेचं निर्मूलन' वाचून गांधीजींनी 'हरिजन'मध्ये टीका लिहिली. त्यांचा मुद्दा असा की, धर्म पारखायचा तो त्याच्या सर्वोत्तम माणसांवरून, वाईट नमुन्यांवरून नव्हे. बाबासाहेबांनी १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींचे ते लेख स्वतःच्या पुस्तकात छापले आणि पुढे आपलं उत्तर दिलं. कसोटी मान्य केली तरी प्रश्न उरतोच, असं त्यांनी दाखवलं. या धर्मात उत्तम माणसं इतकी थोडी आणि वाईट इतकी जास्त का निपजतात? विरोधकाची टीका आपल्याच पुस्तकात छापायची, म्हणजे वाचकाने दोघांना शेजारी ठेवून ठरवावं. आपला युक्तिवाद टिकेल, याची खात्री असलेला माणूसच हे करतो.

१९४० मध्ये पाकिस्तानच्या मागणीवर लिहितानाही त्यांनी एका भागात मुस्लिमांची बाजू आणि दुसऱ्यात हिंदूंची बाजू मांडली. १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावरच्या ग्रंथात, पुराव्याची साखळी जिथे तुटते तिथे आपण तर्काने दुवा जोडला आहे, हे प्रस्तावनेतच सांगून टाकलं. सिद्ध झालेलं आणि अनुमानाने मांडलेलं यांतली रेघ त्यांनी पुसली नाही.

आणि अखेरीस हीच कसोटी त्यांनी आपल्या धम्मालाही लावली. १९५६ मध्ये महापरिनिर्वाण झालं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. त्याच्या सुरुवातीलाच त्यांनी परंपरेला अडचणीचे चार प्रश्न विचारले आहेत. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने ही दृश्यं त्याआधी कधीच पाहिली नसतील, हे त्यांना पटलं नाही. म्हणून त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांमध्ये उठलेल्या तंट्याला गृहत्यागाचं कारण मानलं. श्रद्धेच्या विषयातही पटेल असं कारण त्यांनी मागितलं.

आज आपल्या मोबाईलवर काय येतं? बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली कुणीतरी रचलेलं वाक्य. कुठल्या ग्रंथातलं, कोणत्या प्रसंगाचं, कुणाला उद्देशून, काही नाही. आवडलं म्हणून आपण ते पुढे पाठवतो. विरोधकाने ते खोटं ठरवलं की नुसतं एक वाक्य पडत नाही, त्यामागची खरी चळवळही संशयात सापडते. हे नुकसान दुसरं कुणी करत नाही, आपणच करतो.

अभ्यासवर्गात आता आम्ही एक नियम केला आहे. बाबासाहेबांचं कोणतंही लेखन वाचताना वहीच्या डाव्या बाजूला विरोधकाचा मुद्दा लिहायचा, तोही असा की विरोधकाने वाचला तर मान हलवावी. उजवीकडे बाबासाहेबांचं उत्तर. खाली तीन प्रश्न : हे कुणासमोर बोललं गेलं, पुरावा कोणता दिला, अनुमान कुठे सुरू झालं? परवा दहावीतल्या एका मुलीने डावी बाजू इतकी चांगली लिहिली की वर्ग गोंधळला, आता उत्तर काय द्यायचं? तिथून खरा अभ्यास सुरू झाला.

जय भीम.