अलिबागहून आलेल्या बाया

मैत्रिणींनो, आपल्याकडे कुणी खुळ्यासारखं बोललं की समोरचा लगेच विचारतो, काय अलिबागहून आलायस का? रेणापूरच्या एस.टी. स्टँडवरही मी हा प्रश्न ऐकलाय. विचारणाऱ्यानं अलिबाग पाहिलेलं नसतं, ते कोणत्या जिल्ह्यात आहे हेही त्याला ठाऊक नसतं. अलिबागच्या एका गृहस्थांनी तर या बोलण्यावर बंदी घाला म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला होता. २०१९ साली तो फेटाळला गेला. बंदी काही आली नाही, आणि आपली जीभही काही थांबली नाही.

पण गेल्या हिवाळ्यात आम्ही बचत गटाच्या चौदा बाया खरोखरच अलिबागहून आलो. लातूरहून रात्रीची रेल्वे, सकाळी मुंबई, गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने मांडवा आणि तिथून बसने अलिबाग. चौदांपैकी अकरा जणींनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. त्यात आमच्या एक अक्का पासष्ट वर्षांच्या. त्या बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, एवढं पाणी, आणि पिता येत नाही म्हणजे काय.

समोर पाण्यात कुलाबा किल्ला. मुंबईतलं कुलाबा वेगळं बरं का, माझाही आधी घोटाळा झाला होता. हा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर खडकावर उभा आहे. ओहोटी लागली की पाणी मागं सरतं आणि चालत जाता येतं. भरती आली की पुन्हा बेट. आम्ही साड्या वर खोचल्या, चपला हातात घेतल्या आणि ओल्या वाळूतून निघालो. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी घोडागाडी असते. हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० साली, आपल्या अखेरच्या दिवसांत, बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या काळात तो पुरा झाला. पण तो ओळखला जातो तो कान्होजी आंग्र्यांचा म्हणून.

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमारासचा. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ, अंगरवाडी गावावरून आंग्रे झालं म्हणतात. कोकणच्या किनाऱ्यावर, हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गाच्या परिसरात ते वाढले. त्यांच्या तरुणपणाची एक गोष्ट तिकडं सांगतात. जंजिऱ्याच्या सिद्दीनं सुवर्णदुर्गाला वेढा घातला. किल्लेदार फितला, आणि किल्ला देऊन टाकायच्या बेतात होता. कान्होजींनी त्यालाच कैद केलं, किल्ल्याची सूत्रं आपल्या हातात घेतली आणि सिद्दीला परतवून लावलं. तेव्हा त्यांची विशीसुद्धा पुरी झाली नसावी. आपल्या घरात त्या वयाच्या पोरांना गॅसचं सिलिंडर लावायला सांगितलं तरी ती आईकडं बघतात, पण ते असो.

पुढं सिधोजी गुजरांनंतर, १६९८ च्या सुमारास, आरमाराचा कारभार कान्होजींकडं आला. सरखेल हा त्यांचा किताब. सरखेल म्हणजे आरमाराचा मुख्य. काळ फार अवघड होता. संभाजी महाराज गेलेले, राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यातून नुकते सुटून आलेले, औरंगजेब महाराष्ट्रात तळ ठोकून बसलेला. १७०० साली राजाराम महाराजही गेले आणि ताराबाईंनी राज्य सावरलं. देशावर मोगलांशी झुंज चालू असताना किनारा सांभाळला तो कान्होजींनी. १७०७ नंतर शाहू महाराज सुटून आले आणि घरातच दोन पक्ष पडले, तेव्हा कान्होजी ताराबाईंच्या बाजूनं होते. शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवलं, तर कान्होजींनी पेशव्यांनाच पकडून ठेवलं! शेवटी बाळाजी विश्वनाथ मधे पडले, त्यांनी समजूत घातली आणि कान्होजी शाहू महाराजांकडं आले. खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग असे किल्ले आणि सरखेलपद त्यांच्याकडंच राहिलं.

आता मुद्द्याचं. इंग्रज त्यांना चाचा म्हणत, म्हणजे समुद्रावरचा दरोडेखोर. तोच काळ तिकडं पश्चिमेकडच्या कॅरिबियन बेटांवरच्या चाच्यांचा. आपली पोरं टीव्हीवर त्यांचे सिनेमे बघतात. जमैका बेटावर पोर्ट रॉयल म्हणून चाच्यांचं मोठं गाव होतं, १६९२ च्या भूकंपात त्यातलं बरंच समुद्रात गेलं. उरलेला किल्ला आज लोक तिकीट काढून बघतात. क्लेमंट डाउनिंग नावाच्या एका इंग्रज खलाशानं १७३७ साली छापलेल्या पुस्तकात तर जमैकात जन्मलेला एक चाचा शेवटी आंग्र्यांच्या चाकरीत आल्याची हकीकत आहे. म्हणजे जमैकाचा माणूस कोकणात पोटाला लागला होता!

पण त्या चाच्यांत आणि कान्होजींत फरक आहे. त्या चाच्यांना ना राजा ना राज्य. कान्होजी छत्रपतींचे अधिकारी होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं: हा किनारा आमचा, इथून माल न्यायचा तर आमचं दस्तक घ्या, म्हणजे परवाना, आणि त्याची रक्कम भरा. दस्तक नसलेलं जहाज पकडलं जाई. पोर्तुगीज दोनशे वर्षं हेच करत होते, इंग्रजही आपले परवाने देत होते. ते त्यांनी केलं की कायदा आणि आपण केलं की दरोडा, असा हा न्याय.

इंग्रजांनी त्यांना मोडायला काय कमी केलं? १७१७ साली विजयदुर्गावर चालून गेले, फसले. १७१८ साली खांदेरीवर गेले, परत आले. १७२० साली तरंगता तोफखाना बांधून पुन्हा विजयदुर्गावर, तोही गेला वाया. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन याच कुलाब्यावर आले. तेव्हा कान्होजींच्या मदतीला थोरले बाजीराव फौज घेऊन आले, आणि दोन्ही फिरंग्यांना एकमेकांना दोष देत परतावं लागलं. कान्होजींकडं इंग्रजांसारखी उंच, जड जहाजं नव्हती. त्यांची गुराबं आणि गलबतं हलकी, उथळ पाण्यात चालणारी. वारा पडला की वल्ह्यांवर चालायची. मोठं जहाज वाऱ्याअभावी जागीच डुलत राहिलं की ही मागून जाऊन भिडत.

इथवर मी बायांना सांगत होते आणि सगळ्या खूश होत्या. आम्ही किल्ल्यातल्या सिद्धिविनायकाच्या देवळापाशी बसलो होतो. हे देऊळ नंतरचं, राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं. शेजारी गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, चारी बाजूंना खारं पाणी आणि मधे गोडं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेल्या लातूर जिल्ह्यातल्या बाया आम्ही. किल्ल्यातल्या तोफांपेक्षा त्या पुष्करणीपाशीच सगळ्या जास्त वेळ थांबल्या.

तिथं मला पुढची गोष्ट सांगावी की नाही असं झालं. घरून निघताना ती गाळायचं ठरवलं होतं. पण याच किल्ल्यात बसून ती लपवणं बरं वाटेना.

कॅथरीन नावाची एक इंग्रज मुलगी. १७०९ साली आईबापांबरोबर जहाजानं बंगालला निघाली होती. जहाज कारवारला थांबलं. तिथं इंग्रजांच्या वखारीचा मुख्य हार्वे नावाचा, तिच्याहून वयानं कितीतरी मोठा. त्याच्याशी तिचं लग्न लावून दिलं. तिचं वय तेरा-चौदा. आपल्याकडंच बालविवाह होत होते असं नाही, मैत्रिणींनो. दोनेक वर्षांत हार्वे मेला. मग तिनं चाऊन नावाच्या कंपनीच्या तरुण नोकराशी लग्न केलं. १७१२ च्या शेवटी कारवार-मुंबईच्या वाटेवर कान्होजींच्या आरमारानं त्यांना गाठलं. गोळ्यानं चाऊनचा हात उडाला आणि बायकोच्या मांडीवरच तो गेला. ती तेव्हा गरोदर होती, वय सतरा-अठरा. तिला आणि बाकीच्या कैद्यांना धरून कुलाब्याला आणलं. तीस हजार रुपये खंडणी ठरली आणि १७१३ च्या फेब्रुवारीत तिची सुटका झाली. तिला न्यायला आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यानं आपले कपडे काढून तिला गुंडाळले, इतके तिच्या अंगावरचे कपडे फाटले होते. मुंबईला पोचल्यावर थोड्याच दिवसांत तिला मुलगा झाला.

माझं बोलणं थांबलं तेव्हा कुणी काही बोललं नाही. मग आमच्यातली एकजण, तिशीतली, म्हणाली की इतका मोठा माणूस, मग पोटुशी बाई का ठेवून घेतली? तिचा नवरा पाच वर्षांपूर्वी गेला. शेतीचं कर्ज होतं. तेराव्याच्या आतच वसुलीवाले दारात आले होते, आणि ती त्यांच्यासमोर कशी बसली होती ते मी स्वतः पाहिलंय. त्यामुळं तिला मी गुळमुळीत उत्तर देऊ शकत नव्हते.

मी एवढंच म्हणाले की त्या काळी समुद्रावर कैदी धरून खंडणी घेणं सगळेच करत. इंग्रजही, पोर्तुगीजही, सिद्दीही. पण सगळेच करत म्हणून तिचे ते तीन-चार महिने सोपे होत नाहीत. कान्होजी शूर होते हे खरं, त्यांच्यामुळं हा किनारा आपला राहिला हेही खरं, आणि त्यांच्या किल्ल्यात फाटक्या कपड्यांत एक विधवा दिवस मोजत होती हेही तितकंच खरं.

तिची पुढची कहाणीही ऐका. कॅथरीननं तिसरं लग्न केलं, कंपनीच्याच गिफर्डशी. तो केरळातल्या अंजेंगोच्या वखारीचा मुख्य झाला आणि १७२१ साली तिथल्या लोकांनी त्याला आणि त्याच्याबरोबरच्या माणसांना मारलं. त्याच्या अरेरावीला ते लोक विटले होते. पंचविशी-सव्विशीत ती तिसऱ्यांदा विधवा. आणि मग तिच्या मागं कोण लागलं? कान्होजी नव्हे, तिचीच ईस्ट इंडिया कंपनी. मेलेल्या नवऱ्याचा हिशेब दे, त्याचं देणं भर म्हणून. कुलाब्यातून ती तीन-चार महिन्यांत सुटली होती, कंपनीच्या त्या तगाद्यातून मात्र तिला इंग्लंडला जावं लागलं. हे ऐकून आमची ती मैत्रीण जरा हसली. म्हणाली, म्हणजे वसुलीवाले तेव्हाही होते.

कान्होजी ४ जुलै १७२९ रोजी अलिबागला गेले. हे गाव त्यांच्याच काळात भरभराटीला आलं. समाधी गावात आहे, आम्ही दर्शन घेतलं. शत्रूकडून ते आयुष्यात हरले नाहीत, पण घर मात्र त्यांच्यामागं टिकलं नाही. थोरले सेखोजी १७३३ साली वारले, मग संभाजी आणि मानाजी या भावांत वाटणी, कुलाबा एकाकडं आणि विजयदुर्ग दुसऱ्याकडं. पुढं तुळाजी आंग्र्यांचं पेशव्यांशी जमेना. १७५६ साली पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं. जे इंग्रजांना कान्होजींच्या हयातीत जमलं नाही ते आपल्याच माणसांनी बोलावून आणलं. भावाभावांच्या वाटणीचे तंटे मी समुपदेशनात रोज बघते, त्यामुळं या भागाचं मला नवल वाटत नाही, राग मात्र येतो.

स्वतंत्र भारताच्या नौदलानं १९५१ साली मुंबईतल्या आपल्या तळाला आय.एन.एस. आंग्रे हे नाव दिलं. खांदेरी बेटही आता कान्होजींच्या नावानं ओळखलं जातं, तिथं दीपगृह आहे आणि कोळ्यांचा वेताळ आहे. थळच्या किनाऱ्याहून होडीनं जाता येतं. आम्हाला वेळ पुरला नाही. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आहेत. कुलाबा नाही.

जाणार असाल तर हिवाळ्यात जा, पावसाळ्यात गेटवेची लाँच बंद असते. ओहोटीची वेळ आधी विचारून घ्या. आम्हाला पुष्करणीपाशी गप्पा मारताना भान राहिलं नाही. परतताना गुडघ्याएवढं पाणी झालं होतं आणि अक्कांना दोघींनी दोन्ही हात धरून आणलं. किनाऱ्यावर आल्यावर अक्कांनी ओठ पुसले, चव घेतली आणि म्हणाल्या, खारटच आहे गं खरंच.