कप्तान स्लोकम आणि त्यांचें शीड

मोठ्या शिडाच्या नौकेवर सर्वांत कठीण काम कोणतें, असें एखाद्या जुन्या खलाशास विचारिलें, तर तो बहुधा मुख्य शिडाकडे बोट दाखवील. वादळांत तें उतरविणें, फडफडणारें कापड आवळणें आणि घडी घालून काठीस बांधणें हें अनेक हातांचें काम होय. तें एकट्यानें करीत ज्यांनीं पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्या कप्तान जोशुआ स्लोकम ह्यांचा वृत्तांत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

जोशुआचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजीं कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतांत झाला. बाप जोडे शिवीत असे व मुलासही त्याच कामास बसवी; परंतु मुलाचें चित्त समुद्राकडे. चौदाव्या वर्षीं तो घरून पळाला आणि मासेमारीच्या एका गलबतावर स्वयंपाकी झाला. (हा धडा आमच्या विद्यार्थ्यांनीं गिरवूं नये, अशी पालकांच्या वतीनें आमची विनंति आहे!) पुढें ते मोठमोठ्या जहाजांचे कप्तान झाले. पण १८८४ सालीं पत्नी वारली, १८८७ सालीं ब्राझीलच्या किनाऱ्यावर जहाज गेलें, आणि आगबोटींच्या त्या दिवसांत शिडाच्या कप्तानास कोणी विचारीना. १८९२ सालीं एका स्नेह्यानें त्यांस एक जहाज देऊं केलें. जाऊन पाहतात तों शेतांत पडलेली एक मोडकी नौका! तेरा महिने खपून व सुमारें ५५४ डॉलर खर्चून त्यांनीं ती जवळजवळ नवीच बांधिली. ३६ फूट ९ इंच लांबीची हीच ती 'स्प्रे'.

२४ एप्रिल १८९५ रोजीं, वयाच्या एकावन्नाव्या वर्षीं, ते बोस्टनहून एकटेच निघाले. मोरोक्कोजवळ चांचे पाठीस लागले. इतक्यांत सोसाट्याचें वारें सुटलें आणि शिडाच्या खालच्या कडेची लांब काठी, जिला खलाशी बूम म्हणतात, ती मोडली. त्याच तडाख्यांत चांच्यांची डोलकाठीही गेली, म्हणून जीव वांचला. मोडकी काठी व शीड हीं दोन्ही पाण्यावरून आंत ओढावयास मात्र दुसरा हात नव्हता.

शक्ति वाढवितां येत नसेल तर ओझें कमी करावें, हा मार्ग त्यांनीं धरिला. पर्नांबुको येथें बूमचा मोडका तुकडा काढून ती सुमारें चार फूट आंखूड केली. रिओ येथें नौकेच्या मागच्या टोकास, एक लहान डोलकाठी उभी राहील असा, अर्धगोल आधार बसविला. ब्वेनोस आयरेस येथें मुख्य डोलकाठी उतरवून ती सात फूट कापली आणि नाळेपुढें गेलेली काठीही सुमारें पांच फूट कमी केली. जितकें शीड मोठें तितका वेग अधिक, असें मानणाऱ्या दर्यावर्दी लोकांस हें कापाकापीचें काम विचित्रच वाटावें. पण मनुष्याच्या दोन बाहूंत मावेल तेवढेंच शीड वादळांत उपयोगाचें, बाकीचें शत्रूसारखें.

मार्च १८९६ मध्यें मॅगेलनच्या सामुद्रधुनीबाहेर पडतांच भयंकर तुफानानें त्यांस केप हॉर्नकडे लोटलें व मुख्य शिडाच्या चिंध्या झाल्या. रात्रीं खडकांच्या रांगेंतून वांट काढीत ते सामुद्रधुनींत परतले, शीड ठिगळें लावून शिवलें आणि मागच्या आधारावर लहान डोलकाठी उभारून तिच्यावर छोटें शीड चढविलें. ह्या पाण्यांत चोरांचें भय असे. म्हणून ते निजण्यापूर्वीं नौकेवर अणकुचीदार खिळे पसरीत. अनवाणी आलेले चोर कसे ओरडत पळाले असतील, ह्याची कल्पना बालवाचकांनींच करावी!

ह्या फेरफाराचें फळ पुढें दिसलें. वाऱ्याचा भार आतां पुढच्या, मधल्या व मागच्या शिडांत वांटला जाई. आणि नौकेचा तोल असा कांहीं जमला कीं ती सुकाणूस हात न लावतां मैलोगणती सरळ चाले. थर्सडे बेटापासून कीलिंग बेटांपर्यंतच्या २,७०० मैलांच्या, २३ दिवसांच्या प्रवासांत ते सुकाणूवर अवघे तीन तासच बसले. मधला वेळ वाचन व स्वयंपाक!

२७ जून १८९८ रोजीं, सुमारें ४६,००० मैल तोडून, ते न्यूपोर्ट येथें पोहोंचले. एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले गृहस्थ. १९०० सालीं त्यांचें प्रवासवृत्त पुस्तकरूपानें निघालें व घरोघर वाचलें गेलें. नोव्हेंबर १९०९ मध्यें, पासष्टाव्या वर्षीं, ते त्याच 'स्प्रे'मधून दक्षिणेकडे एकटेच निघाले. त्यानंतर ते किंवा त्यांची नौका कोणाच्याही दृष्टीस पडली नाहीं.