वाचनालयात भेटलेले धर्मानंद

महाविद्यालयात मी इतकी वर्षं धर्म आणि संस्कृती शिकवली, त्याचं मूळ आपल्याच शाळेच्या वाचनालयात आहे. आठवीत असताना तिथे धर्मानंद कोसंबींचं 'निवेदन' हे आत्मचरित्र हाती लागलं.

१८७६ साली गोव्यातल्या साखवाळला जन्मलेल्या कोसंबींचं शालेय शिक्षण बेताचंच. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाविषयी वाचलं आणि १८९९ मध्ये घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ करत ते श्रीलंकेला पोहोचले. तिथे पाली शिकले, भिक्षू झाले. पुढे कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवू लागले. पण हे ज्ञान महाराष्ट्रात रुजावं म्हणून ती नोकरी सोडून त्यांनी सयाजीराव महाराजांचे दरमहा ५० रुपये पत्करले. अमेरिकेत हार्वर्डला 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनाचं काम केलं. १९१२ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पु. वि. बापटांसारखे विद्यार्थी घडवले. १९४७ मध्ये सेवाग्रामला अन्नत्याग करून देह ठेवला.

शाळेत असताना मला त्यांचं धाडस तेवढं दिसलं. संसारात पडल्यावर पुन्हा वाचलं, तेव्हा त्यांच्या मागे राहिलेली पत्नी आणि तान्ही मुलगीही दिसली. वर्गात मी दोन्ही सांगत आलो. एक सांगून दुसरं झाकणं मला जमलं नाही.

मित्रांनो, मुलांच्या एका मासिकाने एवढं घडवलं. या मेळाव्यात शाळेच्या वाचनालयाला पुस्तकं देऊच, सोबत दोन-चार मासिकांची वर्गणीही भरू या.