कर्णवैद्य डॉ. रॉबर्ट बारानी

सारंगखेड्याच्या यात्रेत फिरत्या पाळण्यातून उतरल्यावर भोवतालची दुकाने व घोडे आपल्याभोवती फिरत आहेत असा भास ज्यास कधी झाला नाही, असा विद्यार्थी आमच्या नंदुरबार जिल्ह्यात विरळाच. ही भोवळ डोक्यात उत्पन्न होते अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तिचे मूळ कानात आहे. कानाच्या अगदी आतील भागात शंखासारखा एक अवयव ऐकण्याचे काम करितो, आणि त्यास लागूनच असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या शरीराचा तोल राखण्यास साहाय्य करितात. या नळ्यांत पाण्यासारखा द्रव असतो. हाडाच्या आत दडलेल्या या नळ्यांचे कार्य जिवंत रोग्यामध्ये कसे तपासावे हे ज्यांनी जगास दाखविले, त्या डॉ. रॉबर्ट बारानी यांचे चरित्र आम्ही येथे देत आहोत.

बारानी यांचा जन्म व्हिएन्ना शहरी २२ एप्रिल १८७६ रोजी झाला. सहा भावंडांत ते वडील. बालपणीच हाडांच्या क्षयाने त्यांस गाठले व एक गुडघा कायमचा आखडला. या दुखण्यामुळेच त्यांचे मन वैद्यकाकडे वळले असे म्हणतात. पाय असा असूनही ते पुढे टेनिस खेळत व डोंगर चढत, हे आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. १९०० साली त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली आणि १९०३ पासून ते विख्यात कर्णवैद्य पोलिट्झर यांच्या हाताखाली काम करू लागले.

तेथे कान वाहणारे रोगी येत, व त्यांचे कान पिचकारीने धुवावे लागत. धुताना काहींस भोवळ येई व त्यांचे डोळे झटके देत एका बाजूस हालत. एके दिवशी एका रोग्याने तक्रार केली की, पाणी पुरेसे ऊन नसले म्हणजेच आपणांस चक्कर येते. दुसऱ्या एखाद्याने ही कुरकूर कानाआड केली असती. बारानी यांनी पुढील वेळी अधिक ऊन पाणी घेतले. भोवळ पुन्हा आली. परंतु डोळे आता उलट दिशेने हालू लागले! शरीराइतक्याच उष्ण पाण्याने मात्र काहीच होईना. याचे कारण शोधिताना त्यांस स्नानाच्या पाण्याचा बंब आठवला. बंबात तापलेले पाणी वर चढते व थंड पाणी खाली बसते. त्याचप्रमाणे कानातील द्रव ऊन पाण्याने एका दिशेस व थंड पाण्याने दुसऱ्या दिशेस वाहत असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी बांधिले. १९०६ साली त्यांनी हे संशोधन प्रसिद्ध केले.

या शोधाचे मोल केवळ पांडित्याचे नव्हते. आमच्याकडे मुलाचा कान वाहू लागला म्हणजे त्यात तेल सोडून आईबाप निश्चिंत होतात. परंतु हा पू क्वचित आतील कानात व तेथून मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो आणि प्राणावर बेतते. आतील कान शाबूत आहे की निकामी झाला, हे शस्त्रक्रियेपूर्वी कळणे म्हणूनच अत्यंत आवश्यक होते. थंड पाणी घालूनही डोळे हालले नाहीत, तर उत्तर मिळे. बारानी यांनी आणखी एक लहानसे यंत्र तयार केले. ते एका कानाशी धरून आवाज केला असता दुसरा कान एकटा तपासता येई. वर्गात हाक मारिली असता न ऐकणाऱ्या मुलास आपण सरसकट मठ्ठ ठरवितो. त्याचा एक कान खरोखरीच बहिरा असू शकतो.

पहिले महायुद्ध पेटताच, गुडघ्यामुळे सैन्यात घेतले जाणे शक्य नसता, ते स्वेच्छेने पशेमिशलच्या किल्ल्यात शस्त्रवैद्य म्हणून गेले. मार्च १९१५ मध्ये तो किल्ला रशियनांच्या हाती पडला व बारानी कैदी होऊन मध्य आशियातील मर्व्ह येथे नेले गेले. तेथे त्यांस हिवतापाने ग्रासिले, तरी कैदी व स्थानिक लोक यांचे कान ते तपासीतच राहिले. १९१४ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक आपणांस मिळाले ही वार्ता त्यांस त्या छावणीतच समजली. स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांनी रेडक्रॉसतर्फे मध्यस्थी केल्यावर १९१६ मध्ये त्यांची सुटका झाली.

एवढा मान मिळवून ते व्हिएन्नास परतले, तो स्वागताऐवजी आरोप! इतरांच्या शोधांचे श्रेय त्यांनी पुरतेपणी दिले नाही, असे सहकारी म्हणू लागले. कानात पाणी गेल्याने भोवळ येते हे पूर्वीही काहींनी पाहिले होते, हे खरे. परंतु ऊन व थंड पाण्यातील भेदाचे मर्म उलगडून त्यापासून रोगपरीक्षा उभारिली ती बारानी यांनीच, असे आम्हांस वाटते. स्वीडनच्या कर्णवैद्यांनीही त्यांची बाजू घेतली. १९१७ मध्ये ते स्वीडनमधील उप्साला येथे गेले. (त्या देशाचे नाव आमच्या खानदेशास परके नाही, तेथील मिशनरी येथे येऊन राहिले होते.) उप्सालातच ८ एप्रिल १९३६ रोजी, साठावा वाढदिवस दोन आठवड्यांवर आला असता, त्यांचे निधन झाले.

त्यांची परीक्षा आजही रुग्णालयांत केली जाते. पाणी बहुधा ३० व ४४ अंश सेल्सियस उष्णतेचे घेतात. बंबाचे अनुमान मात्र अपुरे ठरले. १९८३ साली अंतराळातील स्पेसलॅब प्रयोगशाळेत, जेथे ऊन वर व थंड खाली असा भेदच उरत नाही, तेथेही कानास ऊब व थंडावा दिला असता अंतराळवीरांचे डोळे तसेच हालले.