दिवाणखान्यातील सेनापती : एच. जी. वेल्स

केंट परगण्यातील ब्रॉम्ली हे गाव आज लंडन महानगरात सामावून गेले आहे. १८७४ च्या उन्हाळ्यात तेथील क्रिकेटच्या मैदानावर एका ओळखीच्या तरुणाने सात वर्षांच्या एका मुलाला लाडाने हवेत उंच फेकले. त्याला झेलण्यात चूक झाली, मूल तंबूच्या खुंटीवर आदळले आणि त्याचा पाय मोडला. या अपघाताचे पुढे त्याने आयुष्यभर आभार मानले. अंथरुणाला खिळलेल्या मुलासाठी वडील गावच्या वाचनसंस्थेतून पुस्तके आणू लागले. प्राणिसृष्टीचे सचित्र ग्रंथ, दूरदेशांची वर्णने, आणि असईच्या रणांगणावर १८०३ साली मराठी फौजांशी लढलेल्या वेलिंग्टनचे चरित्र, असे जे हाती येईल ते तो वाचत गेला. पाय बरा झाला, पण वाचनाची लागलेली ओढ कायम राहिली. हर्बर्ट जॉर्ज वेल्स या लेखकाचा पाया असा एका लहानशा गावच्या ग्रंथसंग्रहाने घातला.

वेल्स यांचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी झाला. वडील जोसेफ हे धंदेवाईक क्रिकेटपटू. केंटकडून ससेक्सविरुद्ध खेळताना १८६२ साली त्यांनी लागोपाठ चार चेंडूंवर चार गडी बाद केले होते. चिनी मातीची भांडी आणि क्रिकेटचे साहित्य विकणारे त्यांचे दुकान मात्र कधीच नीट चालले नाही. आई सारा ही लग्नापूर्वी ससेक्समधील अप पार्क या जमीनदारांच्या वाड्यात नोकरीस होती. १८७७ मध्ये जोसेफ यांची मांडी मोडली आणि क्रिकेटची मिळकत थांबली. १८८० मध्ये सारा पुन्हा अप पार्कला कारभारीण म्हणून गेल्या, आणि धाकट्या मुलाची रवानगी कापडदुकानात उमेदवारीसाठी झाली. साउथसीच्या दुकानात दिवसाचे तेरा तेरा तास राबताना त्याला ते जिणे असह्य झाले. सुटी मिळाली की तो आईकडे जाई आणि वाड्यातील जुन्या ग्रंथसंग्रहात रमून जाई. प्लेटोचे 'रिपब्लिक' आणि स्विफ्टचे 'गलिव्हर' त्याला तेथेच भेटले.

१८८३ मध्ये ही उमेदवारी सोडून वेल्स मिडहर्स्टच्या शाळेत विद्यार्थी-शिक्षक झाले. पुढच्याच वर्षी शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनच्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये दाखल झाले आणि टी. एच. हक्स्ली यांच्याकडे जीवशास्त्र शिकले. पदवी मिळण्यास १८९० साल उजाडले. मध्यंतरी वेल्समधील एका शाळेत शिकवीत असताना फुटबॉलच्या खेळात त्यांच्या मूत्रपिंडास इजा झाली आणि प्रकृती खालावली. शिक्षकी पेशा झेपेनासा झाला तेव्हा लेखणी हेच उपजीविकेचे साधन उरले. १८९५ ते १८९८ या अवघ्या चार वर्षांत 'द टाइम मशीन', 'द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो', 'द इन्व्हिजिबल मॅन' आणि 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या आणि त्यांचे नाव जगभर झाले.

विज्ञानकथांचा जनक म्हणून वेल्स यांना सारे ओळखतात. त्यांची दुसरी एक ओळख मात्र वाचकांच्या नजरेतून बहुधा निसटते. शिशाची खेळण्यातली शिपाईमंडळी जमवून, रंगवून त्यांच्यानिशी नियमबद्ध लढाया खेळण्याचा जो छंद आज अनेक देशांत जोपासला जातो, त्याचे पहिले लोकप्रिय नियमपुस्तक वेल्स यांनी लिहिले.

युद्धाचा खेळ ही काही त्यांची नवी कल्पना नव्हती. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावर खेळावयाचा 'क्रीगस्पील' हा खेळ राइसवित्झ या अधिकाऱ्याने १८२४ साली सिद्ध केला होता. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनीही आपल्या सावत्र मुलाबरोबर दाव्होसच्या मुक्कामी शिशाच्या सैनिकांच्या मोहिमा रंगविल्या होत्या. परंतु क्रीगस्पील सामान्य माणसासाठी नव्हता, आणि स्टीव्हन्सन यांचा खेळ त्यांच्या घरापुरता राहिला. घरोघरच्या खेळासाठी आधी सैनिक स्वस्त व्हावे लागले, आणि ते घडविले लंडनच्या विल्यम ब्रिटन या खेळण्यांच्या कारखान्याने.

तोवर बाजारात जर्मनीचे वर्चस्व होते. तेथील सैनिक एक तर पत्र्यासारखे चपटे असत, नाही तर भरीव, जड आणि महाग. १८९३ मध्ये ब्रिटन यांनी पोकळ ओतकामाची पद्धत आणली. शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा तप्त रस साच्यात ओतायचा, साच्याला लागलेला थर घट्ट होताच आतला उरलेला रस परत बाहेर काढायचा. सैनिक तयार, पण पोटातून पोकळ. धातू कमी लागला, वजन घटले, किंमत उतरली. सुमारे ५४ मिलिमीटर उंचीच्या या सैनिकांवर रंग हातानेच चढविला जाई आणि त्यातील पुष्कळ काम स्त्रिया आपापल्या घरी बसून करीत. साम्राज्यातील पलटणींचे गणवेश हे या मालाचे मोठे आकर्षण होते. त्यांत हिंदुस्थानी फौजेच्या पलटणी होत्या, मुंबई इलाख्यातील घोडदळ व पायदळही होते. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडणाऱ्या मुलांना जो आनंद होतो, तोच लंडनच्या मुलांना या लाल खोक्यांत सापडला.

वेल्स यांचा दुसरा विवाह १८९५ मध्ये एमी कॅथरिन रॉबिन्स यांच्याशी झाला. १९०१ मध्ये थोरला जॉर्ज फिलिप आणि १९०३ मध्ये धाकटा फ्रँक हे मुलगे जन्मले. सँडगेट येथे समुद्राकाठी बांधलेल्या त्यांच्या घरात मुलांच्या खेळण्यांचा पसारा सदैव असे. एकदा जेवणाच्या वेळी आलेल्या एका लेखकमित्राने शेजारच्या मेजावरची खेळण्यातली तोफ उचलली, तिच्यात लाकडाची गोळी घातली, नेम धरला आणि एक शिपाई आडवा केला. वेल्स यांनी या मित्राची केवळ आद्याक्षरे दिली आहेत; त्यांवरून ते विनोदकार जेरोम के. जेरोम असावेत असे मानले जाते. मित्राने फुशारकी मारून आव्हान दिले, यजमानांनी ते स्वीकारले, आणि दोन प्रौढ लेखक जमिनीवर गुडघे टेकून लढू लागले. स्प्रिंगवर चालणारी ती तोफ इंचभर लाकडी नळकांडे फेकी आणि नऊ यार्डांवरचा शिपाई पाडू शके. या अचूकतेमुळेच खेळाला खरी चुरस आली.

पहिल्या लढायांत रणभूमीवरील घरे म्हणून विश्वकोशाचे जाडजूड खंड मांडले गेले. पुढे त्यांची जागा लाकडी विटांनी आणि पुठ्ठ्याच्या इमारतींनी घेतली. फळ्यांच्या टेकड्या झाल्या, डहाळ्यांची झाडे झाली, खडूने नद्या आखल्या गेल्या. प्रत्येक लढाईगणिक वादाचे मुद्दे निघत आणि त्यांतून नियम घडत. पायदळाने एका चालीत एक फूट जावे, घोडदळाने दोन फूट. तोफेच्या सहा इंचांच्या आत स्वपक्षाचे निदान चार शिपाई असतील तरच ती चालावी, आणि एका चालीत एक तर तिने चार गोळे डागावेत किंवा जागा बदलावी, दोन्ही नव्हे. एका खेळाडूने प्रदेश मांडावा, तर बाजू निवडण्याचा हक्क दुसऱ्याचा. त्यामुळे मांडणीत पक्षपात उरत नसे. सैन्य लावताना मध्ये पडदा सोडावा, म्हणजे शत्रूची रचना आधी कळणार नाही. विचार करण्यात वेळ दवडणाऱ्यासाठी घड्याळ लावून चालीची मुदत ठरविली गेली. हात घाईच्या लढाईत मारणे आणि कैद करणे यांचेही हिशेब बांधले गेले.

१९११ मध्ये वेल्स यांनी मुलांच्या जमिनीवरील खेळांविषयी 'फ्लोअर गेम्स' हे छोटे पुस्तक लिहिले. त्यात दोन्ही मुलगे आपापल्या नगरीचे महापौर आहेत. त्यातील एक तक्रार लक्षात राहण्याजोगी आहे. दुकानांत जिकडे तिकडे शिपाईच मिळतात. खाटीक, पाववाला, व्यापारी, न्यायाधीश, वकील अशी नागरी माणसे मुलांनी आणायची कोठून, असा त्यांचा प्रश्न होता. गणवेश आणि संचलन यांत कायमची गोडी वाटते ती राजेरजवाड्यांना आणि अगदी बाळबोध मुलांना, असा टोलाही त्यांनी त्यात हाणला आहे. त्यानंतर १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' प्रसिद्ध झाले. बारा वर्षांपासून दीडशे वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आणि मुलांच्या खेळांत रमणाऱ्या चतुर मुलींसाठी, असे त्याच्या शीर्षकातच मिस्किलपणे सुचविले आहे. पुस्तकातील लढायांची छायाचित्रे पत्नीने काढली होती. पुस्तकाच्या शेवटी कर्नल मार्क साइक्स यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या आधारे, लष्करी शिक्षणासाठी हा खेळ कसा वाढविता येईल याची चर्चा आहे. याच साइक्स यांनी पुढे १९१६ च्या गुप्त कराराने पश्चिम आशियाच्या खऱ्या नकाशावर रेषा ओढल्या.

पुस्तकाचा समारोप मात्र लष्कराला रुचणारा नव्हता. हा लहान खेळ तीन-चार वेळा खेळून पाहिला तरी, खरे युद्ध म्हणजे केवढा अवाढव्य घोटाळा असतो हे कोणालाही उमजेल, असे वेल्स यांनी तेथे मांडले. नियम, नकाशा आणि सैन्य पूर्णपणे हाताशी असतानाही खेळाडूचे बेत फसतात. मग धूर, चिखल आणि भीती यांनी भरलेल्या रणांगणावर काय होत असेल? ज्यांना लढाईची खुमखुमी आहे अशा राजांना आणि सेनानींना एखाद्या प्रशस्त दालनात शिशाची फौज देऊन कोंडावे आणि बाकीच्या जगाने आपल्या कामाला लागावे, असा त्यांचा अर्धा विनोदी, अर्धा कळकळीचा प्रस्ताव होता.

तो कोणी ऐकला नाही. पुस्तक निघाल्यानंतर जेमतेम वर्षभराने, ४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटन महायुद्धात उतरले. आणि चरित्रकाराला अडखळविणारी गोष्ट ही की, वेल्स स्वतःही त्या युद्धाच्या बाजूने लिहू लागले. हे युद्ध युद्धांचा अंत करील या विश्वासाने त्यांनी लेखमाला लिहिली आणि तिच्या शीर्षकाची म्हण झाली. सप्टेंबर १९१४ मध्ये सरकारी प्रचारखात्याने बोलाविलेल्या लेखकांच्या बैठकीस ते उपस्थित होते. १९१८ मध्ये शत्रुदेशांसाठीच्या प्रचारकार्यातही ते काही काळ होते. त्यांच्या १९०३ मधील एका कथेतील पोलादी भूमिनौका १९१६ मध्ये रणगाड्याच्या रूपाने फ्रान्सच्या भूमीवर अवतरल्या. लाखो तरुण परतले नाहीत, आणि युद्धांचा अंतही झाला नाही. खासगी जीवनातही वेल्स यांच्या वागण्याने जवळच्यांना, विशेषतः पत्नीला, पुष्कळ सोसावे लागले. विचारांत सुव्यवस्थेचा आग्रह धरणाऱ्या या माणसाचे आयुष्य त्या मानाने अस्ताव्यस्तच होते.

चुकीची जाणीव त्यांना झाली, हे मात्र मान्य करावे लागेल. जगाचा इतिहास राष्ट्राभिमानाच्या पलीकडे जाऊन शिकविला पाहिजे, या तळमळीतून 'द आउटलाइन ऑफ हिस्टरी' हा ग्रंथ १९२० मध्ये पूर्ण झाला. १९३४ मधील आत्मचरित्रात त्यांनी आपल्या बालपणीच्या दिवास्वप्नांची कबुली दिली. ब्रॉम्लीच्या माळरानावर फिरताना ते मनोमन सेनापती होऊन शत्रूचा धुव्वा उडवीत असत. हिटलर म्हणजे आपल्या तेराव्या वर्षीचे तेच स्वप्न प्रत्यक्षात उतरलेले, असे त्यांनी निःसंकोच लिहिले. मुलाच्या मनातील लढाई दिवाणखान्यात खेळून संपवावी, ती मोठेपणी राज्यकारभारात शिरू देऊ नये, हाच 'लिटल वॉर्स'चा गाभा होता.

खेळ मात्र टिकला. १९३५ मध्ये ब्रिटिश मॉडेल सोल्जर सोसायटी स्थापन झाली. चित्रपट अभिनेते पीटर कुशिंग वेल्स यांच्याच नियमांनी खेळत आणि आपले सैनिक स्वतः रंगवीत. १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या 'वॉर गेम्स' या पुस्तकाने या छंदाला नवी पिढी मिळाली. १९६६ च्या सुमारास ब्रिटन कारखान्याचे शिशाचे सैनिक बंद झाले आणि प्लॅस्टिक आले. छंदाचे स्वरूपही पालटले. कानशीने सांध्याची रेघ घासायची, अस्तराचा रंग द्यायचा, मग बारीक कुंचल्याने पट्टे, गुंड्या आणि चेहरा रंगवायचा. अशा तासन्‌तास राबून सजविलेल्या सैनिकावर लाकडी गोळी झाडण्यास कोणाचा हात धजावेल? म्हणून तोफेची जागा फाशांनी घेतली. एखाद्या पलटणीच्या कॉलरचा रंग नक्की कोणता, हे शोधण्यासाठी छांदिष्ट ग्रंथालयाची पायरी चढू लागला आणि रंगवता रंगवता इतिहासाचा वाचक झाला. १९७४ मध्ये अमेरिकेत निघालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाचा वंशही याच छंदाशी जुळतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, आपल्या एका जुन्या कादंबरीला प्रस्तावना लिहिताना, आपण वेळीच बजावले होते एवढेच आपल्या थडग्यावर कोरावे, अशी इच्छा वेल्स यांनी वैतागून व्यक्त केली. १३ ऑगस्ट १९४६ रोजी लंडनमधील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्यांच्या रक्षेचे विसर्जन मुलांनी समुद्रात केले, त्यामुळे तो मजकूर कोरायला थडगे उरले नाही. 'लिटल वॉर्स' मात्र आजही छापले जाते, आणि त्याच्या अखेरच्या पानांवर तो इशारा अजून वाचता येतो.